गुड रॉकिंग टुनाईट: एल्विसच्या आधीचे दोघे

तुमचा प्रश्न असा, की एल्विसचं 'गुड रॉकिंग टुनाईट' हे काळ्या गायकाकडून पळवलेलं गाणं आहे का, आणि कुठलं रेकॉर्डिंग आधी ऐकावं. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: काळा गायक वाइनोनी हॅरिस याचं. मूळ गायक तो नव्हे, तरीही.

गाणं रॉय ब्राउनचं, लिहिलेलंही त्याचंच. तो स्वतः सांगायचा तो किस्सा असा: न्यू ऑर्लिन्समध्ये हॅरिसचा कार्यक्रम होता, तिथे हा गाणं घेऊन गेला आणि हॅरिसने त्याला वाटेला लावलं. मग पियानोवादक सेसिल गँटने रात्री-अपरात्री डिलक्स या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला उठवलं आणि ब्राउनला फोनवरच गायला लावलं. १९४७ मध्ये रेकॉर्ड निघाली, चालू लागली, आणि डिसेंबर संपता संपता नाक मुरडणारे हॅरिससाहेब किंग कंपनीसाठी तेच गाणं गात होते! घाईला कारण होतं. १ जानेवारी १९४८ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार पुकारला होता, त्यामुळे सगळ्याच कंपन्या मिळेल ते उरकून घेत होत्या. परवानगीची अडचण नव्हतीच. १९०९ च्या कायद्याप्रमाणे गाणं एकदा रेकॉर्डवर आलं, की रेकॉर्डमागे २ सेंट भरून कुणीही ते गाऊ शकत असे.

आता दोन्ही लागोपाठ लावा. ब्राउनला बिंग क्रॉस्बी हा मऊ, संथ आवाजाचा गोरा गायक आवडायचा, ते कळतं. आवाज गोल, त्यात चर्चमधल्या गाण्याची आर्तता, आणि बँड मागे आरामात झुलतोय. हॅरिसकडे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळ्या पडतात, हॅल सिंगरचा सॅक्सोफोन मध्ये घुसतो, आणि गायक जवळजवळ ओरडतो. चाल तीच, पण ठेका कानाआड करून ऐकताच येत नाही. पुढच्या रॉक अँड रोलचा सांगाडा मला इथे दिसतो, ब्राउनकडे नाही. १९४८ मध्ये बिलबोर्ड या संगीतविषयक साप्ताहिकाच्या 'रेस रेकॉर्ड्स' (म्हणजे काळ्या श्रोत्यांत खपणाऱ्या रेकॉर्डच्या) यादीत हॅरिस पहिल्या क्रमांकावर गेला. ('रिदम अँड ब्लूज' हे नाव त्या यादीला १९४९ मध्ये मिळालं.)

एल्विसने ते सप्टेंबर १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत केलं. ड्रम नाहीत. बिल ब्लॅक डबल बासच्या तारा लाकडावर आपटून तालाचं काम भागवतो, स्कॉटी मूर गिटारवर. शब्दांतली एक काटछाट मात्र खटकते. मूळ गाण्यात पार्टीला कोण कोण येणार याची यादी आहे: स्वीट लॉरेन, सू सिटी सू, स्वीट जॉर्जिया ब्राउन, कॅल्डोनिया. या सगळ्या तेव्हाच्या लोकप्रिय गाण्यांतल्या बायका, म्हणजे ऐकणाऱ्याला डोळा मारलेला. एल्विसने ते कडवं गाळलं आणि शेवटी 'रॉक, रॉक, रॉक' घातलं. वेग आला, गर्दी गेली.

राहता राहिलं 'पळवलं' का. त्या काळात काळ्यांची गाणी गोऱ्यांनी गाऊन बाजार मारल्याची उदाहरणं ढिगाने आहेत, पण हे त्यात नीट बसत नाही. एल्विसची ही रेकॉर्ड तेव्हा देशपातळीवरच्या यादीत आलीसुद्धा नाही. ब्राउनला झाकोळलं ते हॅरिसने, आणि तो स्वतः काळाच होता.

पुढची कव्हर्स, म्हणजे इतरांनी पुन्हा गायलेली रूपं, कमी महत्त्वाची. पॉल मॅकार्टनीचं १९९१ च्या 'अनप्लग्ड' अल्बममधलं मजेत ऐकण्यासारखं आहे. रॉबर्ट प्लांटच्या हनीड्रिपर्स या बँडचं १९८४ चं 'रॉकिंग अ‍ॅट मिडनाईट' मात्र या यादीत धरू नका. तो ब्राउननेच १९४९ मध्ये काढलेला याचा पुढचा भाग आहे.