वाडी म्हणजे चाळ नव्हे

प्रश्न गिरगावातून आलेला आहे. वाडीतल्या जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती पडल्या, माणसं काही वर्षं संक्रमण शिबिरात काढून परतली, आणि आता तिथे गाड्यांच्या पोडियमवर टॉवर उभा आहे. नव्या सोसायटीच्या नावात 'वाडी' राहू द्या, असं काही सभासद म्हणतात. बाकीचे म्हणतात, वाडी म्हणजे चाळवस्ती; टॉवरला वाडी म्हणणं भाषेच्या दृष्टीनेच चूक. तर खरं कोणाचं?

दुसऱ्या गटाला आवडो न आवडो, त्यांचं मराठी कच्चं आहे.

'वाडी म्हणजे चाळ' हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. बातम्यांत तेच, जागांच्या जाहिरातींत तेच, आणि आता वाडीत जन्मलेली माणसंही तेच बोलतात. चाळ ही इमारत आहे, वाडी ही जागा. एका वाडीत पाच चाळी असतील, एखादी विहीर, एखादं देऊळ असेल, नाहीतर एकही चाळ नसेल. खोताच्या वाडीची ओळख लाकडी जिन्यांच्या आणि पुढे ओटा असलेल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती लोकांच्या, घरांमुळे आहे. त्या घरांना चाळ म्हणून दाखवा बरं! उलट १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसवणाऱ्या केशवजी नाईकांच्या चाळी आजही स्वतःला चाळीच म्हणवतात. हा फरक गिरगावकराला एके काळी शिकवावा लागत नव्हता.

वाडी म्हणजे खेडं, वाडी म्हणजे बाग हे अर्थ शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. मजा त्यांच्या मागे आहे. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपण घातलेली जागा. (आपली चालायची वाट वेगळी, ती 'वर्त्मन्'वरून आली. दोघींची गल्लत करून 'वाडी म्हणजे वाटेवरची वस्ती' असं ठोकून देणारे लोक आहेत. त्यांना दुरून नमस्कार.) या वाटाचा झाला वाडा, वाटिकेची झाली वाडी. गुजरातीत 'वाड' आणि हिंदीत 'बाड़' म्हणजे आजही कुंपणच. धनगर मेंढरं कोंडतो तोही वाडा आणि शनिवारातला पेशव्यांचा तोही वाडा. बंगालीत हाच शब्द सरळ घरात शिरला, तिथे 'बाड़ी' म्हणजे घर.

म्हणजे क्रम असा: आधी कुंपण, मग कुंपणातली बाग, मग बागेभोवती जमलेली माणसं. मधली पायरी वसईत अजून शाबूत आहे. तिथे वाडी म्हणजे केळी, पानवेली, फुलझाडं. आणि ती राखणारे ते वाडवळ. ताराबाई मोडकांनी रुळवलेल्या 'बालवाडी'तही हीच बाग आहे. देशावर गेलात की वाडी म्हणजे मूळ गावापासून फुटून निघालेली चार घरं.

आता युरोपात चला. जर्मन 'त्साउन' म्हणजे कुंपण. डच भाषेत तोच शब्द बागेला वापरतात. आणि इंग्रजीत त्याचं झालं 'टाउन'! कुंपण, बाग, वस्ती. पायऱ्या त्याच, क्रमही तोच, आणि आपल्या 'वाट'शी त्या शब्दाचं काडीचं नातं नाही. दोन मुळं, दोन वेगळ्या मुलखांत, एकाच रस्त्याने चालत आली. मला व्युत्पत्तीत याहून सुंदर काही सापडलेलं नाही. त्यामुळे 'टाउनशिप'मध्ये राहायला निघालेला माणूस 'वाडी' शब्दाला नाक मुरडतो तेव्हा मला हसू आवरत नाही. अरे बाबा, तू वाडीतून निघालास तो वाडीतच चालला आहेस!

यावर एक तमिळवादी पंथ नेहमी येतो: वाडी हे दाक्षिणात्य 'पाडि'चं रूप. का? तर दोन्हींचा अर्थ वस्ती. पण मग वसईची बाग कुठून आली, गुजरातीतलं कुंपण कुठून आलं, आणि बंगालपर्यंत हा शब्द कोणी नेला? एका अर्थापुरती चालणारी व्युत्पत्ती ही व्युत्पत्ती नव्हे. आदिवासी 'पाडा' निराळा, त्यासाठी संस्कृत 'पाटक' आहे. पण या मंडळींना पाडा, वाडा, वाडी सगळं एकाच टोपलीत हवं असतं.

गिरगावापुरतं बोलायचं तर पुरावा पाट्यांवरच लटकलेला आहे. फणसवाडीत फणस उगाच नाही. मुगभाट आणि बोरभाट या गल्ल्या घ्या. इंग्रजी पाटी वाचून 'मुगभात' म्हणणारे टॅक्सीवाले मी माफ केले, पण मराठी निवेदकाने खिचडी शिजवावी? 'भाट' म्हणजे राजाची स्तुती गाणाराही नव्हे. गोव्यात कोणालाही विचारा: भाट म्हणजे माडांची बाग, तिचा मालक भाटकार, तिच्यात राहणारा मुंडकार. आधीच्या 'मुग'बद्दल वाद घालायला जागा आहे, भाटाबद्दल नाही. कंपनी सरकारच्या मुंबईतल्या कागदांत अशा माडांच्या बागेला 'ओअर्ट' म्हणत. तो पोर्तुगीज 'ओर्ता'चा अपभ्रंश, १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात त्याची नोंद आहे. ओर्ता आला लॅटिन 'हॉर्टुस'पासून, आणि त्याचं मूळ इंग्रजी 'गार्डन' आणि 'यार्ड' यांच्याशी जुळतं. मुळाचा अर्थ काय? वेढणं, कुंपण घालणं. तेव्हा टॉवरच्या नावाला 'गार्डन्स' जोडा की 'वाडी' जोडा, सांगता तेच. फरक एवढाच की दुसऱ्याने चौरस फुटाचा भाव वाढत नाही.

खरी विसंगती पुढेच आहे. गिरगावच्या वाड्यांचं कुंपण कधीच गेलं होतं. वाड्या उघड्या होत्या. ठाऊक असणारा माणूस एका रस्त्याने आत शिरून, दोन चाळींच्या मधून, विहिरीला वळसा घालून दुसऱ्या रस्त्याला निघायचा. रस्त्याच्या कडेला दुकानांच्या फळ्या, वर गॅलऱ्या, म्हणजे रस्ता सतत कोणाच्या तरी नजरेखाली. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या '३३(७)' नावाच्या नियमाने जे बांधकाम येतं त्यात बहुधा तळाचे काही मजले गाड्यांना जातात. रस्त्याला भिंत, फाटक आणि रखवालदार मिळतो, आणि आतून जायचा रस्ता संपतो. थोडक्यात, वाडी म्हणवणाऱ्या जागेला कुंपण नव्हतं, आणि जिला आता कुंपण आहे तिला वाडी म्हणायची लाज वाटते. व्युत्पत्तीच्या हिशेबाने तुमचा टॉवर जुन्या वाडीपेक्षा जास्त वाडी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही.

चाळीचा विषय निघालाच आहे तर तेही उरकतो. 'चाळ' हे 'शाळा'चं रूप असं छातीठोक सांगणारे भेटतात. शालेची मराठीत साळ होते, टांकसाळ पाहा. 'श'चा 'च' करायला इथे कोणताही नियम धावून येत नाही. माझं मत असं, की खोल्यांची चाळ आणि नाचणाऱ्याच्या पायातला घुंगरांचा चाळ हे एकच: सारख्या वस्तूंची ओळ. एका दोरीत ओवलेली घुंगरं, एका गॅलरीवर ओवलेल्या खोल्या. लिंगभेद झाला तो अर्थ वेगळे ठेवण्यासाठी. चाळ बांधला की नाच, चाळ बांधली की भाडं. याला कोणी 'ओढाताण' म्हणतं. म्हणोत, पण त्याऐवजी दुसरं काय देणार तेही सांगोत.

हां, सोसायटीची पाटी. वाडीचं नाव खुशाल ठेवा, भाषा आडवी येत नाही. कायदेशीर नोंदणीत कोणतं नाव बसतं ते तुमचा वकील सांगेल. माझी अट एकच: नाव 'अमक्याची वाडी' असं असेल तर 'ची' आणि 'वाडी' यांच्यामध्ये जागा सोडा. इंग्रजी पाट्या पाहून हल्ली 'खोताचीवाडी' असं एका दमात लिहितात, आणि मग 'खोताचीवाडीमध्ये' असं बोलतातही. मराठीत ते 'खोताच्या वाडीत' होतं. षष्ठीचा प्रत्यय पुढच्या नामाप्रमाणे वळतो, त्याला चिकटवून टाकलं की वळणार कसा?