मान वाजते, दुखते आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल

भावा, तुझं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आठ महिने झाले, डावीकडं वळलं की कवटीच्या खाली टक करून वाजतंय, वाजलं की सुई घुसल्यागत कळ कानामागं जातीय, एक्सरे झाला, एमआरआय झाला, सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणाले काही नाही टेन्शन घेऊ नका, आणि घरचे पण आता म्हणायलेत की तू उगंच मनावर घेतोयस. आणि शेवटी विचारलंयस की हे असंच घेऊन जगायचं का आयुष्यभर, वय २९ आहे. माझं सुरू झालं तेव्हा मी ४१ चा होतो, आणि हाच प्रश्न मी रात्री अडीच वाजता छताकडं बघत कितीतरी वेळा स्वतःला विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे ऐक, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे तुला दुखत नाही असं कुणी ठरवू शकत नाही. एमआरआयच्या मशिनीत आपण अजिबात न हलता पडून असतो आणि तुझा आवाज येतो वळताना, मग पडून राहिलेल्या मानेच्या फोटोत तो दिसणार कसा? पण त्या फोटोनं एक मोठं काम केलंय, गाठ नाही, मणका मोडलेला नाही, मज्जारज्जूवर दाब नाही, हे कळलं. ते लहान नव्हे, त्याचा आधार घे. माझ्या रिपोर्टात तर दोन मणक्यांमधल्या चकतीला बल्ज आहे असं लिहिलेलं आणि त्या एका शब्दानं मी सहा महिने झोपलो नाही. मग फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं की जपानमध्ये मानेचा काहीच त्रास नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते, २०१५ ला तो अभ्यास छापून आला, आणि त्यातल्या जवळजवळ ८८ टक्के लोकांच्या मानेत कुठं ना कुठं चकती फुगलेली सापडली. म्हणजे रिपोर्टात काही नाही म्हणून दुखणं खोटं नाही आणि रिपोर्टात काही आहे म्हणून तेच कारण असंही नाही. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर लई बरं झालं असतं.

माझं कसं झालं सांगतो. मी कोल्हापूरला गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साजाचं (कोल्हापुरी साज, गळ्यातला दागिना) काम करतो, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास मान खाली, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर साजाच्या नखाएवढ्या पानड्या, म्हणजे बारके सोन्याचे तुकडे. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा सासरवाडीला शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी चढायच्या आत धान्याची पोती, शिलाई मशीन, ट्रंका सगळं माडीवर चढवलं, डोक्यावर आणि खांद्यावर घेऊन. दोन दिवस मान आखडली आणि सुटली पण. गणपती झाल्यावर एक दिवस दाभोळकर कॉर्नरला गाडी वळवताना मागं बघितलं आणि उजवीकडं टक झालं, इतकं मोठं की मला वाटलं मागच्या माणसानं पण ऐकलं असणार. त्याच्यानंतर रोज.

आणि मग मी जे केलं ते तू करू नकोस म्हणून लिहितोय. मी आवाजाच्या मागं लागलो. आज वाजतोय का, आत्ता वाजतोय का, असं बघायला मान फिरवायची, वाजला की दुखायचं, दुखलं की दाबायचं, जरा बरं वाटलं की परत फिरवून बघायचं. हनुवटीला तळहात लावून कडकन मोडायची पण सवय लागली, कारण मोडली की दहा-पंधरा मिनिटं मान हलकी वाटते. पोरगी तेव्हा सातवीत होती, तिनं मला न सांगता एका रविवारी कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं रेघा मारल्या, पाच-पाचचे गठ्ठे करून, आणि रात्री जेवताना पुढं ठेवलं, म्हणाली पप्पा आज तुम्ही ४३ वेळा मानेला हात लावलाय. मला खरंच वाटलं नव्हतं. सात-आठ वेळा म्हटलं असतं मी कुणी विचारलं असतं तर. ज्या सांध्याला सूज आलीय त्याला दिवसातनं ४३ वेळा ढोसलं तर तो शांत कधी होणार?

आता आवाज म्हणजे काय ते सांगतो, मला जेवढं समजलंय तेवढं. मानेत सात मणके, त्यांच्या मागच्या बाजूला डावीउजवीकडं बारके सांधे, आणि वर साधारण साडेचार-पाच किलोचं डोकं, म्हणजे एक बऱ्यापैकी कलिंगड धर. मान डावीउजवीकडं जेवढी वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं नुसत्या वरच्या दोन मणक्यांत होतं, आणि तू जिथं बोट ठेवून दाखवतोयस ती जागा बरोबर तीच. तिथले स्नायू बारके आहेत, तिथल्या नसा कवटीवर आणि कानामागं जातात, म्हणून कळ तिकडं जाते. आणि कान तिथनं हाकेच्या अंतरावर, आवाज हाडातनंच पोचतो, म्हणून तुला तो बंदुकीगत वाटतो आणि शेजारच्याला ऐकू पण येत नाही.

आवाज मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक, सांध्यातल्या वंगणात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात २०१५ ला बोटं ओढून चालू एमआरआयमध्ये हे बघितलंय, सांधा झटक्यात सुटतो आणि आत पोकळी तयार होते, तेव्हाच कट्ट होतं. हा आवाज एकदा आला की साधारण वीस मिनिटं त्या सांध्यातनं परत येत नाही. दुसरा, स्नायूची दोरी किंवा सांध्याची कड हाडावरनं सरकते त्याचा, आणि तो दर वेळी येतो, त्याच हालचालीला, त्याच कोनात. तू लिहिलंयस की दर वेळी वाजतं, म्हणजे तुझा दुसऱ्या जातीचा असायची शक्यता जास्त, पण हे मी गुजरीत बसून सांगतोय, हात लावून बघणारा माणूस वेगळा. तुझ्या पुढच्या भेटीत डॉक्टरला हे एवढं वाक्य नक्की सांग, दर वेळी वाजतं की मधनं मधनं, कुठल्या कोनात, आणि कळ आवाजाच्या आधी येते का नंतर. मी नुसतं मान वाजते म्हणायचो आणि ते मान डोलवायचे. आणि आवाज पुढच्या बाजूला येत असेल, गिळताना येत असेल, तर हाडांचा नव्हे, कान-नाक-घसावाला डॉक्टर गाठायचा, गळ्यातलं बारकं हाड किंवा कानाखालचं लांब वाढलेलं टोकदार हाड पण असा त्रास देतं.

सलूनचं सांगायलाच पाहिजे. माझ्याच गल्लीच्या तोंडावरचं सलून, वीस वर्षांची ओळख, दाढी झाली की चंपी आणि चंपी झाली की मान. मी सांगितलं मान दुखतीय, तो म्हणाला सोडवतो की. गळ्यात टॉवेल, एक हात हनुवटीला एक हात टाळूला, ढिली सोडा म्हणाला आणि फिरवली. उजवीकडं कट् कट् कट्, डावीकडं एकच, पण त्या एकात डोळ्यापुढं पांढरं झालं. त्या रात्री कूस बदलायला दोन्ही हातांनी डोकं धरायला लागत होतं आणि उजव्या अंगठ्यापर्यंत मुंग्या, पानडी चिमट्यात धरवेना, आठ दिवस काम बंद. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही काय असतं आत ते. मेंदूकडं जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतनं वर चढतात आणि पहिल्या मणक्याजवळ वळसा घेऊन कवटीत शिरतात. झटका दिला की क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटतं, गुठळी होते, आणि तरण्याताठ्या माणसाला स्ट्रोक येतो. पार्लरात बेसिनवर मान मागं टाकून केस धुतल्यावर पण असं झाल्याचं अमेरिकेत १९९३ लाच डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. क्वचित होतं हे खरं, पण ज्याची मान आधीच दुखतीय त्यानं ही जोखीम कशाला घ्यायची. आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस) असेल तर बिलकूल नाही, त्यात वरच्या दोन मणक्यांचा बांध आधीच सैल झालेला असू शकतो.

म्हणून आधी धोक्याचं सांगून टाकतो, हे झालं तर माझं उत्तर बाजूला ठेवायचं. अचानक कधी झाली नाही अशी मानदुखी आणि डोकेदुखी, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं, तर त्याच मिनिटाला सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळ असेल त्या मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि हाताची पकड जाणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना पाय लटपटणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, हे दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतनं उठवणारं दुखणं, पडल्या-धडकल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हे पण लांबणीवर टाकायचं नाही.

तुला यातलं काही नाही असं तू लिहिलंयस, मग आता कामाचं.

मला फरक पडला तो ताकदीनं. मी आधी तीन महिने गळ्यात पट्टा घालून बसलो होतो, बरं वाटायचं पण काढला की डोकं पेलवेना, कारण स्नायू आयते बसून ढिले पडलेले. मॅडमनी पट्टा काढला आणि उताणं झोपवून, मानेखाली बारीक टॉवेलची घडी, आणि फक्त हो म्हटल्यागत हनुवटी अर्धा इंच आत घ्यायला लावली, डोकं उचलायचं नाही, दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. ऐकायला काहीच नाही, पण मला चौथ्यालाच कापरं भरलं. त्याच्यानंतर तळहात कपाळाला लावून डोक्यानं हळू रेटायचं आणि हातानं अडवायचं, मान तसूभर हलली नाही पाहिजे, मग दोन्ही कानांवर, मग मागं. पूर्ण जोर नाही, पाव जोर. मान हलतच नाही म्हणून टक पण होत नाही, आणि आवाजाशिवाय मानेनं काम केलं हे मला कितीतरी महिन्यांनी अनुभवायला मिळालं, डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो.

आमच्या गल्लीत एक म्हातारे वस्ताद होते, गंगावेशीतल्या आखाड्यात कुस्तीची तालीम केलेले. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले आम्ही पोरांना तेच सांगायचो, मान फिरवून तयार होत नाही, अडवून तयार होते, समोरच्यानं मानेवर हात टाकला की तू नुसता उभा राहायचं. पैलवान डोकं जमिनीला टेकवून अंगाचा पूल, म्हणजे कमान करतात ते बघून तू घरी करायला जाऊ नकोस, ती वर्षांची तयारी असते, पण त्यांचं वाक्य माझ्या फार उपयोगी पडलं.

मला दीड महिन्यानं फरक कळला, पहिले पंधरा दिवस तर जरा जास्तच दुखलं, तेव्हा सोडू नकोस, मॅडम किंवा कुणीतरी फिजिओ बघायला असू दे. पाठीचा वरचा भाग ताठ असेल तर सगळं वळणं मानेवर येतं असं त्यांनी समजावलं, म्हणून खांद्याची पाती (पाठीवरची चपटी हाडं) मागं खेचायचे व्यायाम पण दिले. कामाचं टेबल चार बोटं उंच केलं, दिवा बाजूला घेतला, आणि दर अर्ध्या तासानं उठून पाणी प्यायचं ठरवलं. तू दिवसभर लॅपटॉपवर असतोस म्हणतोस तर लॅपटॉपखाली चार जाडजूड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड, खर्च फार नाही. सकाळी रंकाळ्याला चाळीस मिनिटं चालतो, हात मोकळे सोडून, मोबाइल खिशात. गरम पिशवी रात्री पंधरा मिनिटं. उशी एकच, खांदा आणि कान यातलं अंतर भरेल एवढी जाड. तेल लावायला माझी हरकत नाही, पण रगडू द्यायचं नाही.

आणि मोडायची सवय सोडायला मॅडमनी वही दिली, त्यात किती वेळा वाजली ते लिहायचं नव्हतं, आज काय काय केलं ते लिहायचं होतं. गाडी चालवली, पोरीला शाळेत सोडलं, साजाच्या अकरा पानड्या जोडल्या. हात मानेकडं जायला लागला की तोच हात मांडीवर ठेवायचा आणि दोन श्वास घ्यायचे. ४३ वरनं दिवसाला दोन-तीनवर यायला मला चार महिने लागले. पोरगी मोजायची अजून.

घरचे म्हणायलेत मनाचं आहे, त्याबद्दल एवढंच, मनाचं नाही पण मन त्यात असतं. ज्या रात्री झोप नाही, ज्या दिवशी गिऱ्हाईकाशी भांडण, त्या दिवशी तीच टक दुप्पट दुखते, हे मी वहीत बघितलंय. याचा अर्थ तू नाटक करतोस असा नाही. वहिनीला किंवा आईला एकदा सोबत घेऊन जा फिजिओकडं, माझ्या बायकोनं मॅडमच्या तोंडून ऐकल्यावर त्या दिवसापासून मला कधी मनाचं आहे म्हटलं नाही, आणि मला औषधापेक्षा ते जास्त लागू पडलं.

आज सहा वर्षं व्हायला आली. आवाज आहे. दाभोळकर कॉर्नरला मागं बघितलं की अजून टक होतंच, पण कळ येत नाही, महिन्यातनं एखाद्या वेळी आली तर गरम पिशवीनं दोन दिवसात जाते. कारण मला आजवर कुणी नक्की सांगू शकलं नाही आणि मी विचारायचं पण सोडलंय. सलूनही तेच आहे, त्याच माणसाकडं जातो, खुर्चीत बसतानाच सांगतो, दाढी आणि चंपी, मानेला हात लावायचा नाही.

तू हे दोन महिने करून बघ आणि इथंच लिही काय झालं ते. आणि फिजिओकडं जायच्या आधी तो एमआरआयचा रिपोर्ट आणि सीडी दोन्ही पिशवीत टाक, मी पहिल्या खेपेला विसरलो होतो आणि परत जायला लागलं.