शिफ्ट इन्चार्ज झालात? आधी वरच्या ऑफिसचं बघा

भाऊ, वाळूजच्या एमआयडीसीत तुम्ही शिफ्ट इन्चार्ज झालात आणि कालपर्यंत एका डब्यात जेवणारे आता ऐकत नाहीत, हे वाचलं. माझंही हेच दुखणं होतं. टार्गेट, शिस्त, मीटिंग हे तुम्हाला कळतंच, त्यावर बोलत नाही.

मी काही मॅनेजमेंट शिकलेलो नाही, पण माणसं ऐकत नाहीत ती तुम्ही नरम आहात म्हणून नव्हे. वर तुमचं काही चालतं का, ते बघत असतात.

एका कारखान्यात आमच्या लाइननं डिस्पॅचसाठी जादा पाळ्या केल्या. पगारात ओटी, म्हणजे जादा कामाचे पैसे, नाही. एचआर म्हणे, हजेरीच्या पंचिंगशी जुळत नाही. अहो, पंचिंगचं मशीन बंद होतं आणि गेटच्या रजिस्टरवर सह्या घ्या, हे त्यांनीच सांगितलेलं! रजिस्टर नेलं तर प्लांट हेडचा मेल आणा. मेल आणला तर म्हणे, या महिन्याचं पेरोल, म्हणजे पगाराचा हिशोब, बंद झालं. शेवटी पैसे आले ते सिंगल रेटनं. जादा कामाला दुप्पट दर हे १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून चालत आलंय, ती कुणाची मेहेरबानी नाही. भांडून फरक मिळाला, पण तोवर डाय सेटिंगचा, म्हणजे मशीनवर साचा बसवण्यात, सगळ्यात तरबेज गडी शेंद्र्याच्या दुसऱ्या कारखान्यात निघून गेला. रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढलं, जाब मात्र मला विचारला. एचआरला कोण विचारतंय!

म्हणून जादा पाळीची मंजुरी काम लागायच्या आधी लेखी घ्या. साहेब ‘करून घे, बघू नंतर’ म्हणाले तर लगेच व्हॉट्सॲपवर ‘आपलं बोलणं झाल्याप्रमाणे...’ असा मेसेज टाका. उत्तर आलं नाही तर पोरांना तसं सांगा, खोटा शब्द देऊ नका. युनियन असेल तिथली रीत वेगळी असेल, ते तुम्हीच बघा.

सुट्ट्यांचंही तेच. पोळा, महालक्ष्म्या, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी. परभणी-हिंगोलीकडची पोरं जाणारच. ऑगस्टातच कोण कधी जाणार ते लिहून घ्या, नाहीतर एकाच आठवड्यात चौघांच्या आज्या वारतात. पावसानं काढणी लांबते, तेव्हा तारखा थोड्या सैल ठेवा.

आणि हो, नवा पोरगा आला की आधारवरचं आणि पीएफ खात्यावरचं नाव जुळतं का, ते पहिल्याच आठवड्यात बघायला लावा. काम एचआरचंच आहे, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.