भिंतीवर मुलांचं बोलणं

प्रश्न : मी बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आवारभिंतीवर रंगाऱ्याकडून सुविचार लिहून घ्यावेत असं विश्वस्तांच्या मनात आहे. मला तिथे मुलांचीच वाक्यं हवी आहेत. ‘माझी शाळा’ यावर लिहून घेतलं, तर बहुतेकांनी ‘माझी शाळा मला फार आवडते’ एवढंच लिहिलं. शिवाय मागच्या पावसाळ्यात भिंतीच्या रंगाचे पोपडे सुटले आहेत. आणि चुकीचं शुद्धलेखन भिंतीवर गेलं तर लोक नावं ठेवतील, ही भीती वेगळीच. काय करावं?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, विश्वस्तांकडे जायच्या आधी तो विषय बदला. ‘माझी शाळा’ म्हटलं की मुलं निबंध लिहितात, आणि निबंधात काय लिहायचं ते आपणच त्यांना पढवलेलं असतं. शाळेत कुठे लपलं तर कोणाला सापडत नाही? पहिला पाऊस आला की वर्गात कसला वास येतो? मधल्या सुट्टीत आधी कोणाच्या डब्याकडे बघता? असं काहीतरी विचारा. लिहायला लावू नका, बोलायला लावा. चौघाचौघांना पायरीवर बसवा, फोनवर रेकॉर्ड करा आणि जसंच्या तसं कागदावर उतरवा.

बडोद्यातल्या एका शाळेत विश्वामित्री नदीच्या पुराचा विषय निघाला. या नदीत मगरी आहेत. तिसरीतला एक मुलगा म्हणाला, “विश्वामित्रीचं पाणी आलं तेव्हा आम्ही गच्चीवर होतो आणि मगर पार्किंगमध्ये होती.” शेजारची मुलगी लगेच म्हणाली, “ती पण घाबरली असेल.” ही दोन वाक्यं आम्ही एकाखाली एक लावली. बडोद्याच्या मुलांशिवाय हे कोण बोलणार? असलं बोलणं हाताशी असताना त्या भिंतीवर ‘सदा सत्य बोला’ लिहायचं, हे मला खरंच सहन होत नाही.

उत्तम वाक्यांची स्पर्धा लावू नका. प्रत्येक मुलाचं काहीतरी लागलंच पाहिजे, मग एकच शब्द का असेना. फक्त एक नियम कडक पाळा. एखादं मूल सांगून जाईल की बाबा रात्री खूप ओरडतात. ते त्यानं तुम्हाला सांगितलेलं आहे, भिंतीला नाही. त्या मुलाजवळ तुम्ही बसायचं. बाकी प्रत्येकाला विचारायचं, “हे सगळे वाचतील, चालेल?” नाही म्हणालं तर विषय संपला. आडनावं नकोत.

आता भिंत. पोपडे बहुधा रंगाच्या दोषानं सुटलेले नाहीत, ओलीनं सुटलेत. जमिनीतली ओल वर चढते, तिच्याबरोबर आलेला क्षार पृष्ठभागावर साठतो (ज्याला आपण लोणा म्हणतो) आणि रंग आतून ढकलला जातो. महागातला रंग लावलात तरी तेच होणार. वरून झिरपणारं पाणी, गळका पाइप, भिंतीला लागून केलेली बागेची माती, आधी हे बघा. लोणा लागलेला गिलावा खरवडून नवा करा, 28 दिवस जाऊ द्या, आणि तळाचे दीडेक फूट मोकळेच ठेवा.

रंगाऐवजी मी मातीच्या भाजलेल्या फरश्या सुचवते. आपल्या फाइन आर्ट्समध्ये (बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या कलाविभागात) शिकवलेले चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी 1963 मध्ये लखनौच्या रवींद्रालय या सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर टेराकोटाच्या फरश्यांचं मोठं भित्तिचित्र केलं. लहान लहान तुकडे जोडून मोठी भिंत होते, हीच शाळेसाठी सोयीची गोष्ट. दर मुलाला एक फरशी.

कुंभाराकडून मळलेली माती आणा. अर्ध्या इंचाहून थोडी जाड पोळी लाटून सहा इंची चौकोन कापा. सुकून-भाजून तो साडेपाच इंचांच्या आसपास उरेल, भिंतीचा हिशेब त्यावरच करा. मुलानं बांबूच्या काडीनं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. इथे शिरोरेघेवर नजर ठेवा. मुलं ती सर्वांत जोर लावून, या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढतात आणि सुकताना फरशी नेमकी त्याच रेघेवर तडकते. रेघ उथळ काढू द्या आणि दोन्ही कडांना बोटभर जागा सोडायला सांगा. काडीनं वर आलेली माती लगेच पुसू नका, अक्षर बुजतं. फरशी जरा टणक झाली की बोटानं सहज निघते. मागच्या बाजूला आडव्या खाचा पाडा, म्हणजे सिमेंट धरेल. मग प्लास्टिकखाली सावकाश सुकवा. पूर्ण न सुकलेली फरशी भट्टीत फुटते, आणि शेजारचीही फोडते.

शुद्धलेखनाचं म्हणाल, तर माती हातात घेण्याआधी वहीत वाक्य लिहून घ्या, चूक दाखवा, मूल ती आपण होऊन सुधारतं. पण ‘उत्तरायणाला पतंग चगवली’ असं आलं तर तिथे ‘उडवली’ करू नका. बडोद्यात आपल्या घरांतून गुजराती मिसळून असंच बोलतात, मुलं तेच बोलणार.

फरश्या जमिनीपासून साधारण दोन ते चार फुटांच्या पट्ट्यात लावा. पहिलीतल्या मुलाला स्वतःचं वाक्य बोटानं गिरवता आलं पाहिजे. वर जागा रिकामी दिसेल, दिसू द्या.

विश्वस्तांना कल्पना समजावत बसू नका. चार फरश्या भाजून आणा, त्यांच्या टेबलावर मांडा आणि वाचू द्या. आणि काम दिवाळीनंतर काढा. पावसात माती सुकत नाही, एप्रिल-मेमध्ये इतकी भरभर सुकते की कडा वाकतात, आणि मेमध्ये मुलंही सुट्टीवर असतात.