दवाखान्याच्या दारात कोण उभं आहे?
वाचकांचे प्रश्न : कायदा आणि आरोग्य

मागच्या अंकात आम्ही एक छोटं टिपण दिलं होतं. इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात केंद्राभोवती १५० मीटरच्या आत निदर्शनं करायला आता बंदी आहे, एवढाच त्याचा आशय. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि कुणाचीही ओळख छापलेली नाही.

प्रश्न : आमच्या वादविवाद स्पर्धेला हाच विषय आहे. हे १५० मीटर नेमके कुठून मोजतात? एवढं अंतर कशाला? आणि शांतपणे फलक धरून उभं राहणं गुन्हा कसं ठरतं?
– विधी महाविद्यालयातील विद्यार्थिनी, सांगली

मोजणी केंद्रापासून होते, शिवाय केंद्र ज्या इमारतीत किंवा आवारात आहे तिथे शिरायच्या प्रत्येक वाटेपासूनही होते. मोठ्या रुग्णालयात या कामासाठी एकच खोली असेल आणि आवाराला तीन फाटकं असतील, तर तिन्ही फाटकांपासून १५० मीटर धरायचे. कायदा म्हणजे ‘पब्लिक ऑर्डर ॲक्ट २०२३’चं कलम ९. त्याचा अंमल ३१ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाला. त्या हद्दीत तीन गोष्टी करायच्या नाहीत : सेवा घेण्याच्या किंवा देण्याच्या निर्णयावर प्रभाव टाकणं, वाट अडवणं, आणि त्रास, भीती किंवा मनस्ताप देणं. मुद्दाम केलं तरी गुन्हा, परिणामाची पर्वा न करता केलं तरी गुन्हा. शिक्षा दंडाची आहे, कैदेची नाही. पण दंडाला वरची मर्यादा ठेवलेली नाही. हे संरक्षण तिथे काम करणाऱ्या नर्स-डॉक्टरांनाही आहे.

त्याआधी तिथे स्थानिक कौन्सिलं आपापल्या हद्दीपुरते आदेश काढत. लंडनमधल्या ईलिंग कौन्सिलने २०१८ मध्ये पहिला असा आदेश काढला. अशा आदेशाची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. मुदत संपत आली की पुन्हा सगळी प्रक्रिया करायची, आणि शेजारच्या गावातल्या बाईला मात्र कसलंच संरक्षण नाही. देशभर एकच कायदा करायचं हे मोठं कारण.

अंतर एवढं का, हे समजायला अमेरिकेतले निकाल वाचा. तुमच्या स्पर्धेत खरा कस तिथेच लागेल. कोलोरॅडोत दवाखान्याच्या दारापासून १०० फुटांच्या आत, समोरच्या व्यक्तीच्या संमतीशिवाय पत्रक द्यायला किंवा बोलायला तिच्या ८ फुटांच्या आत जायचं नाही असा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तो कायम केला. पण त्याआधी, १९९७ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या खटल्यात माणसाभोवती त्याच्याबरोबर सरकणारं १५ फुटांचं वर्तुळ न्यायालयाने रद्द केलं. कारण अगदी व्यवहारातलं होतं : अरुंद फुटपाथवर आपण हद्द कधी ओलांडली हे कुणालाच कळत नाही. दाराभोवतीचं १५ फुटांचं स्थिर क्षेत्र मात्र त्याच निकालात टिकलं. पुढे मॅसॅच्युसेट्सने ३५ फुटांची स्थिर हद्द आखली. २०१४ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ती रद्द ठरवली. सार्वजनिक फुटपाथच बंद करण्याआधी सौम्य उपाय करून बघायला हवे होते, असं त्यांचं म्हणणं. उत्तर आयर्लंडच्या अशाच हद्दीच्या विधेयकाचं मात्र ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये समर्थन केलं, आणि ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने २०१९ मध्ये व्हिक्टोरियाची १५० मीटरची हद्द मान्य केली.

म्हणजे टिकाऊ नियमाला दोन गोष्टी लागतात : नकाशावर दाखवता येईल अशी पक्की रेषा, आणि ती का हवी याचा पुरावा. रेषा फाटकालगत आखली तर माणसं बसस्टॉपवर सरकतात आणि बाईला गाठायची तेवढीच वाट त्यांना पुरते.

विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा मूक प्रार्थनेचा, म्हणजे गर्भपाताला विरोध करणाऱ्यांनी केंद्राजवळ नुसतं मनात प्रार्थना करत उभं राहण्याचा आहे. कुणी ओठही न हलवता उभा असेल तर पोलिसांनी त्याच्या मनात शिरायचं का? हा मुद्दा टाळू नका. आमचं मत असं की फलकधारकाला बोलायला सारं शहर मोकळं आहे, संसदेपुढेही तो उभा राहू शकतो. तपासणीला आलेल्या बाईला मात्र त्याच दारातून जावं लागतं. म्हणून जागेचा निर्बंध योग्य, पण विचारांचा निर्बंध करायचा झाल्यास वागणुकीचा ठोस पुरावा हवाच.

प्रश्न : मुलगी ग्लासगोला शिकते. खोलीच्या खिडकीतून रुग्णालय दिसतं. सोबतची मुलगी या विषयावरचं पोस्टर खिडकीत लावायचं म्हणते. घरातल्या घरात लावलं तर काय बिघडतं?
– एक पालक, वाई

बिघडू शकतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तो २४ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला, हद्द २०० मीटरची आहे, आणि हद्दीतल्या खासगी जागेतून बाहेर दिसेल किंवा ऐकू जाईल असं वर्तनही त्यात येतं. दंड १०,००० पाउंडांपर्यंत, वरच्या न्यायालयात खटला गेला तर अमर्याद. हद्दीत राहायला, ये-जा करायला कसलीच आडकाठी नाही. पोस्टर खोलीच्या आतल्या भिंतीवर लावायला सांगा.

प्रश्न : स.न.वि.वि. आमच्या भागातल्या एका सोनोग्राफी सेंटरवर लिंगनिदान चालतं असा आम्हाला दाट संशय आहे. दारात धरणं धरायचं ठरतंय. परवानगी कुणाची लागेल?
– महिला मंडळ, खटाव तालुका

पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागेल. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश चालू आहे का, तेही आधी बघा. सणासुदीला आणि निवडणुकीत तो हमखास असतो. पण आमचा सल्ला मागाल तर दारात बसू नका.

पहिलं कारण पुराव्याचं. धरणं धरलं की सेंटरवाला सावध होतो, पोर्टेबल मशीन हलतं, राहिलेले ‘एफ’ फॉर्म (सोनोग्राफी केलेल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद) रातोरात भरले जातात. दुसरं कारण आत बाकावर बसलेल्या बायकांचं. त्या दिवशी तिथे आलेली प्रत्येक गरोदर बाई संशयित ठरते. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेव्हा उसळलेला संताप रास्तच होता. पण तेव्हापासून दोन कायद्यांची सरमिसळ आपल्याकडे फार झाली. पीसीपीएनडीटी कायदा गर्भाचं लिंग शोधायला आणि सांगायला बंदी करतो. १९७१ चा एमटीपी कायदा ठरावीक अटींवर गर्भपाताला परवानगी देतो. ही सरमिसळ झाली की डॉक्टर कायदेशीर गर्भपातालाही ‘नको ते झंझट’ म्हणून नकार देतात, आणि बाई मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणते किंवा भोंदूकडे जाते.

म्हणून तक्रार लेखी करा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने, समुचित प्राधिकारी (पीसीपीएनडीटी कायद्याची अंमलबजावणी बघणारा अधिकारी) म्हणून. सेंटरचं नाव, भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रावरचा नोंदणी क्रमांक, तारखा, दलाल कोण, पैसे कुठे घेतात, हे लिहा. कुठल्याही बाईचं नाव घालू नका. शिक्क्यासह पोच घ्या. ‘एफ’ फॉर्म सेंटरला दोन वर्षं जपावे लागतात आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यावा लागतो, त्यामुळे ताळा करायला प्राधिकाऱ्याच्या हाती साधन असतं. काही हललं नाही तर त्याच कायद्याच्या कलम २८ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस द्या आणि मंडळ स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतं. बनावट गिऱ्हाईक पाठवायचं असेल तर एकट्याने नको. साताऱ्यातूनच चाललेल्या लेक लाडकी अभियानाच्या कार्यकर्त्यांना या कामाची पुरेपूर माहिती आहे, त्यांना भेटा.

प्रश्न : मी प्रसूतिगृहात रिसेप्शनला आहे. काही तरुण फाटकाशी उभे राहून येणाऱ्या बायकांचं मोबाइलवर चित्रण करतात, ‘कशाला आलात’ म्हणून विचारतात. आपल्याकडे १५० मीटरचा नियम लागू होईल का?
– तासगाव

नाही. भारतात असा मीटरचा कायदा नाही. अंतराचा म्हणावा असा एकच नियम आहे, तो आवाजाचा : रुग्णालयाभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र शासनाला जाहीर करता येतं, आणि तिथे ध्वनिक्षेपक, ढोल चालत नाहीत. तुमची जागा जाहीर झालेली आहे का, हे नगरपालिकेत किंवा पोलीस ठाण्यात विचारा.

बाकी काम भारतीय न्याय संहितेवर भागवावं लागतं. वाट अडवली तर कलम १२६, एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. बाईने नको म्हटल्यावरही पुन्हापुन्हा पाठलाग केला तर कलम ७८. तिचा विनयभंग होईल असं बोललं, हावभाव केले तर कलम ७९. तोडफोड किंवा मारहाण झाली तरच राज्याचा २०१० चा वैद्यकीय संस्था संरक्षण कायदा लागतो. तो अजामीनपात्र आहे.

तक्रार फसते ती शब्दांमुळे. ‘शूटिंग करतात’ एवढंच लिहिलं तर रस्त्यावरून फोटो काढणं हा सरळ गुन्हा नाही म्हणून ठाण्यात ती बाजूला पडते. काय केलं ते लिहा : अमुक तारखेला, अमुक वाजता, रिक्षाच्या दारात आडवा उभा राहिला, नाव विचारलं, स्टँडपर्यंत मागे गेला, फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. प्रत्येक वेळी वहीत नोंद करा आणि त्याच क्षणी ११२ ला फोन करा. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढा, कारण डीव्हीआर जुनं चित्रण आपोआप पुसत जातो.

इथे एक मोठी चूक होते. पुरावा म्हणून आतल्या कॅमेऱ्याचं चित्रण किंवा पेशंटची यादी पोलिसांना देऊन टाकतात. ते करू नका. फक्त फाटकाबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण द्या. प्रकार रोजचाच झाला तर डॉक्टरांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, फाटकाशी असं उभं राहायला मनाई करणारा आदेश मागावा. तो जास्तीत जास्त दोन महिन्यांचा असतो आणि त्यात कारणं लेखी द्यावी लागतात, म्हणून तुमची वही तेव्हा कामी येते.

प्रश्न : मला दुसरं मूल इतक्यात नको आहे. सरकारी दवाखान्यात गेले तर ओळखीचं कुणीतरी भेटणारच. नाव गावभर होईल याची भीती वाटते. नवऱ्याची सही लागते का?
– एक वाचक, कराड तालुका

ताई, नवऱ्याची सही लागत नाही. वय १८ च्या वर असेल तर ‘सी’ फॉर्मवर फक्त तुमची संमती हवी. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक साधन निकामी झालं हे कारण कायद्याला मान्य आहे. जितक्या लवकर जाल तितकं सोपं. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होऊ शकतं, पण गोळ्या डॉक्टरकडूनच घ्या.

भावकीतलं माणूस फलक घेऊन उभं राहत नाही, बाकावर शेजारी येऊन बसतं, हे आम्ही जाणतो. त्यावर कायद्याने केलेली तजवीज कागदांची आहे. तुमचं नाव फक्त एकाच ठिकाणी, दाखल नोंदवहीत लिहायचं. केसपेपर, ऑपरेशन थिएटरची वही, फॉलोअप कार्ड, कशावरही नाव नको. तिथे ५/२०२५ असा अनुक्रमांक घालायचा. संमती आणि डॉक्टरांचं मत सीलबंद पाकिटात, पाकिटावर ‘गोपनीय’. ती नोंदवही कायद्याने अधिकार असल्याशिवाय कुणालाही बघता येत नाही. डॉक्टरने नाव फोडलं तर एमटीपी कायद्याच्या कलम ५अ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

ही तजवीज मोडते ती केसपेपरच्या खिडकीपाशी. नाव आणि कारण मोठ्याने विचारलं जातं. तिथे ‘डॉक्टरांना दाखवायचंय’ एवढंच म्हणा, कारण आत सांगा. नावाऐवजी क्रमांकाने हाक मारा असं सिस्टरना आधीच सांगून ठेवा. गावाजवळ नको असेल तर साताऱ्याचं सिव्हिल, मिरजेचं शासकीय रुग्णालय, दोन्हीकडे जाता येतं. राहत्या तालुक्याचीच सक्ती नाही. खासगी दवाखाना असेल तर एमटीपी मान्यतेचं प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर आहे का, ते आधी बघा. नोकरी करत असाल तर रजेसाठी डॉक्टरांकडे दाखला मागा. मातृत्व लाभाच्या तरतुदीत गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि दाखल्यातलं कारण मालकाने दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, असंही एमटीपीच्या नियमांत लिहिलेलं आहे.