टर्कीच्या शिकारीतले शकुन: नव्या शिकाऱ्यासाठी

अमेरिकेत वसंतातल्या हंगामात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीला पहिल्यांदा निघाल, तेव्हा टोपीत पीस खोवणारे, जुन्या यशस्वी शिकारीचे रिकामे काडतूस खिशात बाळगणारे किंवा नराच्या पायामागच्या टोकदार नख्यांची माळ घालणारे अनुभवी शिकारी भेटतील. त्यांना हसू नका. पहाटेच्या अंधारात झाडाला पाठ टेकून तासन्‌तास निश्चल बसण्याचा धीर अशा नेमांतून येतो, असे माझे ठाम मत आहे.

शकुनाची एखादी वस्तू हवीच असेल, तर टर्कीच्या पंखाच्या हाडांची शिट्टी स्वतः घडवा, कारण तिथले मूळ रहिवासी युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून अशी शिट्टी वापरत आले आहेत आणि नराला जवळ बोलावणारा मादीचा आवाज तिच्यातून उत्तम निघतो.

मात्र ‘नशिबाची’ टोपी किंवा रुमाल लाल, पांढरा अथवा निळा असेल, तर तो घरीच ठेवा. नराचे डोके याच रंगांचे असते आणि दुसरा शिकारी तुम्हालाच पक्षी समजून गोळी झाडू शकतो. शिकार साधल्यावर पक्षी भडक नारिंगी कापडात गुंडाळूनच जंगलातून बाहेर आणा. हा नेम एकदाही मोडू नका.