ऑफिसात सतत मेसेज आणि मध्येच दुसरी कामं येतात. हातातल्या कामावर लक्ष कसं टिकवायचं?

काम मध्येच सोडावं लागलं, तर उठण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: कुठवर आलं आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. वेळ त्या दोन मिनिटांच्या फोनमध्ये जात नाही. खरा वेळ जातो तो ‘मी कुठे होतो?’ हे शोधण्यात. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात मन अडकून राहतं आणि पुढच्या कामाची प्रतही घसरते. टेरेसा ग्लॉम्ब यांच्याबरोबरच्या २०१८ च्या अभ्यासात, अशी छोटी नोंद करून उठलेल्यांचं लक्ष दुसऱ्या कामात जास्त चांगलं लागलं. मी हिशेब विभागात आहे. माझी नोंद अशी असते: ‘मार्चची बिलं ४२ पर्यंत जुळली, ४३ चा जीएसटी परत बघायचा.’ परत आल्यावर थेट ४३ नंबरचं बिल उघडायचं, बस्स.

जोडीला एवढं करा:
- सकाळचा पहिला तास अवघड कामाला द्या. मेल त्यानंतर.
- व्हॉट्सॲपच्या ऑफिस ग्रुपचे नोटिफिकेशन बंद ठेवा आणि ठरावीक वेळी एकदम बघा. तातडीचं असेल तर फोन करा, हे सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. हे सांगायला बरेच जण संकोचतात, पण लोक खरंच समजून घेतात.

अर्थात कस्टमर सपोर्टसारखं, लगेच उत्तर देणं हेच तुमचं काम असेल, तर नोटिफिकेशन बंद करता येणार नाहीत. तिथे नोंदीची सवय तेवढी लावा.